मालकी कुठल्या विभक्तीत असते?

'जमीन माझी आहे.' 'मला जमीन आहे.' 'जमीन माझ्याकडे आहे.' 'जमीन माझ्या नावावर आहे.' पनवेल-उरणच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही ही चार वाक्ये सारखी वाटणार नाहीत. पहिले वाक्य हक्काचे, भांडणात छातीवर हात ठेवून बोलायचे. दुसरे ऐपतीचे. सोयरीक जुळवताना 'मुलाला जमीन आहे का' असेच विचारतात. 'जमीन मुलाची आहे का' असे विचारले तर सोयरीक मोडायची वेळ येते. तिसरे कसणाऱ्याचे, त्यात मालक दुसराच कुणी असू शकतो. चौथे तलाठ्याच्या दप्तरातले. एखाद्या नशीबवान माणसाला एकाच तुकड्याबद्दल ही चारही वाक्ये बोलता येतात. पण ज्यांना केवळ तिसरेच बोलता येत होते अशी घरे जुन्या कुलाबा जिल्ह्यात गावोगाव होती. १९४८चा कुळकायदा आणि त्यामागून आलेला १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांचा व्याकरणाच्या भाषेत अर्थ लावायचा तर एवढाच, की 'जमीन माझ्याकडे आहे' म्हणणाऱ्याला 'जमीन माझी आहे' म्हणण्याची वाट मोकळी झाली. पुढे १९७०मध्ये सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात गेल्या, १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. तेव्हापासून इथे आणखी एक वाक्य रुळले आहे : 'आम्हाला साडेबारा टक्के आहे.' यातल्या 'आम्हाला'च्या जागी 'आमचे' घालून पाहावे. वाक्य बिघडत नाही, पण त्यातली गोष्ट बदलते.

हा फरक मराठी माणसाच्या जिभेवर आहे. त्याच्या व्याकरणाच्या पुस्तकात तो कुठे आहे हे शोधायला गेले की मात्र पंचाईत होते. शाळेत आपण पाठ केलेल्या तक्त्यात षष्ठीच्या रकान्यात चा, ची, चे असतात आणि अर्थ दिलेला असतो 'संबंध'. 'मला दोन भाऊ आहेत' यातली 'ला' चतुर्थीच्या रकान्यात आणि तिचा अर्थ 'संप्रदान', म्हणजे ज्याला द्यायचे तो. हे दोन भाऊ मला कुणी दिले, असा प्रश्न चौथीतल्या एखाद्या मुलीने विचारला तर गुरुजींची अडचण होईल. 'कडे' तर तक्त्यात नाहीच, ते शब्दयोगी अव्ययांच्या धड्यात सापडते. 'नावावर' कुठल्याच धड्यात नाही. रोजच्या जगण्यातली इतकी मोठी गोष्ट, कुणाचे काय आहे ही, आपल्या व्याकरणात तीन-चार ठिकाणी विखुरली आहे आणि ती एकत्र करून पाहण्याची फारशी कुणाला गरज वाटलेली नाही. ही प्रस्तावना ज्या लेखसंग्रहासाठी आहे त्यातल्या लेखांनी ते काम हाती घेतले आहे. त्यासाठी त्यांनी सोबतीला घेतलेली भाषा मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमकवील : एस्टोनियन.

बाल्टिक समुद्राच्या काठी सुमारे ११ लाख लोकांची ही भाषा. फिनिश तिची सख्खी, हंगेरियन लांबची नातेवाईक. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या कुळाशी तिचे काही नाते नाही. तिला चौदा विभक्त्या आहेत. आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. आपल्या 'त', 'हून', 'ला', 'वर', 'पर्यंत', 'शिवाय' यांना वेगवेगळ्या विभक्त्यांचा मान दिला तर आपलाही आकडा तिथवर सहज जाईल. एस्टोनियनची ओळख करून घ्यावी ती तिच्या नामांच्या बांधणीसाठी. 'लिन' म्हणजे शहर. त्याची षष्ठी 'लिन्ना'. आणि शहरात म्हणायचे तर 'लिन्नास', शहराला म्हणायचे तर 'लिन्नाले'. म्हणजे षष्ठीचे रूप हाच पाया, आणि उरलेल्या बहुतेक विभक्त्या त्यावर प्रत्यय लावून होतात. मराठी वाचकाला इथे 'शहर, शहरा-, शहरात, शहराला' ही आपली मालिका आठवेल. ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो तेच काम तिकडे षष्ठी करते.

ही सारखेपणाची गंमत वाटते तितकी वरवरची नाही. मराठीतले सामान्यरूप आले कुठून? संस्कृतातली 'स्य'ची षष्ठी प्राकृतात 'स्स' झाली, प्राकृतात चतुर्थी जवळजवळ बुडाली आणि तिचे काम षष्ठीने उचलले. त्या 'स्स'चा घासून घासून उरलेला अवशेष म्हणजे 'घरा-', 'देवा-' यांतला आकार, आणि 'रामास' यातला 'स'ही तिथलाच. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरच्या आपल्या ग्रंथात हा माग काढला; वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१मध्ये तो मराठीत आणला. म्हणजे 'रामास दोन मुलगे' असे आपण लिहितो तेव्हा तक्त्यानुसार ती चतुर्थी असते, वंशावळीनुसार ती जुनी षष्ठीच असते. आणि आज आपण जिला षष्ठी म्हणतो ती 'चा' मूळची विभक्तीच नव्हे. ती विशेषण बनवणारा प्रत्यय होती. 'पाश्चात्य', 'दाक्षिणात्य' यांतल्या 'त्य'च्या गोतावळ्यातली. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'आमचे' या अर्थाचे 'अम्हेच्चय' असे रूप नोंदले आहे, ते पाहिले की कोकणातल्या कुठल्याही ओसरीवर ऐकू येणारे 'आमचं' फार दूर वाटत नाही.

'चा' विशेषणासारखी वागते हे तर आजही उघड आहे. बापाचा वाडा, बापाची विहीर, बापाचे शेत : प्रत्यय लागतो बापाला आणि लिंग-वचन पाळतो मालमत्तेचे. एस्टोनियनमध्ये असे होत नाही. 'इसा मया' म्हणजे बापाचे घर. घर एक असो की दहा, बापाच्या रूपात फरक पडत नाही. किंबहुना तिथे 'इसा' हे प्रथमेचेही रूप आणि षष्ठीचेही. कधी काळी शेवटी 'न' होता, फिनिशमध्ये तो अजून आहे, एस्टोनियनमध्ये तो झिजून गेला आणि मागे उरला केवळ एक स्वर, काही शब्दांत तोही वेगळा नाही. शब्द आधी आला की तो मालक आणि मागून आला की ती मालमत्ता, एवढ्यावर काम भागते. आणखी नवल असे, की 'लिन्ना' हे रूप षष्ठीचेही आहे आणि आणखी एका विभक्तीचेही. दोन्हींमधला फरक उच्चारातल्या लांबीचा, आणि ती लांबी लिहीत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घावरून शतकभर वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा हायसे वाटावे.

आता मुख्य मुद्दा. 'असणे' या अर्थाने मालकी सांगायची तर एस्टोनियन षष्ठीला हात लावत नाही. 'माझ्याकडे पुस्तक आहे' याला ते म्हणतात 'मुल ओन रामत' : शब्दशः, माझ्यावर आहे पुस्तक. टेबलावर काही असले तर जी विभक्ती लागते तीच इथे माणसाला लागते. भाऊ असला तरी तीच, ताप असला तरी तीच. पण पुस्तक तात्पुरते माझ्यापाशी असेल तर म्हणतात ते 'माझ्या हातात' आहे, 'मिनु कॅएस'. आणि ठासून मालकी सांगायची तर 'मिनु ओमा', माझे स्वतःचे. शेजारी लॅटव्हियनमध्ये हेच चतुर्थीने सांगतात, थेट आपल्या 'मला भाऊ आहे'सारखे. पलीकडे रशियनमध्ये 'उ मेन्या', म्हणजे माझ्याजवळ. एका समुद्रकिनाऱ्यावरच्या तीन शेजारणी, तिघींनाही इंग्रजीतल्या 'हॅव'सारखे क्रियापद रोजच्या कामाला लागत नाही, आणि तिघींची वाट निराळी : वर, ला, जवळ. मराठी या तिन्ही वाटा एकटी वापरते आणि प्रत्येकीला वेगळे काम देते. 'मला दोन बहिणी आहेत', कारण बहिणी ठेवता-काढता येत नाहीत. 'माझ्याजवळ शंभर रुपये आहेत', कारण ते संध्याकाळी नसतील. 'घराला तीन दारे आहेत', कारण दार हा घराचा अवयव. 'आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो'. इथे 'आम्हाला गणपती आहे' म्हणता येत नाही, कारण 'आमच्याकडे' म्हणजे आमच्या घरात, आमच्या कुळाचारात, आणि गणपतीवर मालकी सांगण्याची कुणाची छाती नाही. 'आमच्यात' म्हटले की ते घर ओलांडून जातीपर्यंत पोहोचते. या बारकाव्यांचा नकाशा काढणे हेच या संग्रहाचे खरे काम, आणि माझ्या मते एस्टोनियनचा उपयोग त्यासाठीच आहे. परक्या भाषेत एकाच विभक्तीत सामावलेले जेव्हा आपल्याकडे तिघींत वाटलेले दिसते, तेव्हाच ती वाटणी आपल्या ध्यानात येते.

हे इतके दिवस ध्यानात का आले नाही याचे उत्तर व्याकरणांच्या इतिहासात आहे. १६३७मध्ये हाइनरिख श्टाल या पाद्र्याने एस्टोनियनचे पहिले छापील व्याकरण काढले. त्याने लॅटिनच्या सहा विभक्त्यांचा साचा घेतला आणि ती भाषा त्यात कोंबली. अवघ्या तीन वर्षांनी, १६४०मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण छापून आले. लेखक जाऊन तेव्हा दोन दशके झाली होती. साचा तोच, लॅटिनचा. एकाच युरोपीय वर्गखोलीतून निघालेले दोन पाद्री, एक बर्फात आणि एक माडांच्या सावलीत, दोघेही एकाच तक्त्यात भाषा बसवत होते. स्टीफन्सचा कान मात्र फार तयार होता, हे त्याचे 'ख्रिस्तपुराण' वाचणाऱ्याला सांगायला नको. साचा मोडायला एस्टोनियनला दोनशे वर्षे लागली. १८४३मध्ये एडुआर्ड आरेन्सने लॅटिन-जर्मनचा नाद सोडून सख्ख्या बहिणीकडे, फिनिशकडे पाहिले आणि त्या भाषेच्या विभक्त्या तिच्या स्वतःच्या हिशेबाने मांडल्या.

मराठीचा प्रवास वेगळ्या वळणाने गेला. केरीचे व्याकरण १८०५चे, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६चे. दादोबांसमोर एका बाजूला संस्कृतच्या आठ विभक्त्या आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. त्यांनी आठाचा तक्ता ठेवला, आणि मग द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच निघाले तरी त्यांना दोन रकाने द्यावे लागले. संस्कृतचा हा तक्ता मुळात वाईट नव्हता. पाणिनीने तर षष्ठीला कारकांच्या पंक्तीत बसवलेच नाही. उरलेसुरले सारे संबंध तिच्या पदरात टाकले आणि त्यासाठी 'शेष' हा एकच शब्द वापरला. पतंजलीने पुढे षष्ठीचे अर्थ एकशे एक असल्याचे सांगितले. एवढ्या सावधपणाने हाताळलेली गोष्ट शाळेच्या तक्त्यात येईपर्यंत 'संबंध' या एका शब्दावर आली, यात दोष पाणिनीचा नाही.

१९११मध्ये मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. आजही मराठी व्याकरणाचा कुठलाही वाद त्यांच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे जात नाही. त्यानंतर अरविंद मंगरूळकरांनी संस्कृतच्या चौकटीचाच पुनर्विचार मांडला, कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकरांनी व्याकरणातल्या वादांचा आणि इतिहासाचा हिशेब लावला. दुसरीकडे भाषाविज्ञानाच्या नव्या परंपरेत काशी वाली, रमेश धोंगडे, राजेश्वरी पंढरीपांडे यांनी मराठीची वर्णने इंग्रजीत लिहिली आणि 'मला' हा वाक्याचा कर्ता मानायचा की नाही, हा प्रश्न जगापुढे नेला. 'मला आवडते', 'मला येते', 'मला आहे' ही वाक्ये दक्षिण आशियातल्या भाषांचे सामाईक लक्षण म्हणून आज अभ्यासली जातात. भाषाशास्त्रज्ञ एमेनोच्या १९५६च्या लेखानंतर भारत हे एकच भाषिक क्षेत्र असल्याचा विचार रुजला, त्यात हे नेमके बसते. हिंदी 'मेरे दो भाई हैं' म्हणते, संस्कृतचीच षष्ठी चालवते. कन्नड चतुर्थी वापरते. मराठी या बाबतीत कन्नडच्या पंक्तीला जाऊन बसली आहे. फ्रँकलिन साउथवर्थने १९७१मध्ये मराठीच्या उगमात द्राविडी मिश्रणाचा फार मोठा वाटा असल्याचे मांडले, त्यावर अजून वाद आहे. मला स्वतःला वाटते, की 'रामास'मधली षष्ठी मुळातच घरात असताना सारे श्रेय शेजाऱ्याला देण्याची घाई नको. पण शेजाऱ्याने हातभार लावला नसता तर हिंदी आणि मराठी इतक्या वेगळ्या वाटांनी का गेल्या असत्या, याचे उत्तर मग द्यावे लागते.

जगाच्या पातळीवर या विषयाला नीट तोंड फुटले ते एमिल बेनव्हेनिस्तच्या १९६०च्या लेखाने. 'असणे' आणि 'जवळ बाळगणे' या दोन क्रिया मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, आणि लॅटिनमध्येही 'मला आहे' ही रचना जुनी, 'हॅव' धर्तीची नंतरची, असे त्याने दाखवले. बर्न्ट हाइनेने १९९७मध्ये मालकीच्या रचना कुठल्या मूळ कल्पनांतून उगवतात याचा शोध घेतला : जागा, सोबत, हाती धरणे. लेओन स्टासेनने २००९मध्ये जगभरच्या भाषांची या दृष्टीने वर्गवारी केली. एस्टोनियन त्यात जागेवरून मालकी सांगणाऱ्यांत येते. मराठी कुठल्या एका खान्यात टाकायची म्हटले तर अडचणच आहे, आणि ती अडचण या संग्रहाने लपवलेली नाही.

पुस्तकाचा सर्वांत भरलेला भाग बोलींचा, आणि मला तो सर्वांत आवडला. पनवेलच्या खाडीपट्ट्यात आगरी माणूस 'मला' याला 'मना' म्हणतो. खानदेशात अहिराणीत 'मना' म्हणजे 'माझा', कारण तिथे षष्ठीचा प्रत्ययच ना-नी-नं असा गुजरातीच्या वळणाचा आहे. 'मला' तिथे 'माले' होते. वऱ्हाडात 'मले' आणि 'माह्यं'. सारस्वतांच्या कोकणीत 'रामागेलें घर', तर गोव्यात इतरांच्या तोंडी 'रामाचें'. नव्या पनवेलमधल्या एखाद्या सोसायटीच्या एकाच जिन्यावर या सगळ्या 'माझे' आणि 'मला' एकमेकांना भेटतात. जुन्या मराठीतला 'तयाचिया' असा लांबलचक 'चिया' महानुभावांच्या गद्यात भेटतो, तो आजच्या 'च्या'मध्ये कसा आखडला, याची कहाणीही इथे आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५चा. त्यानंतर कोकणपट्टीच्या बोलींकडे जितके बारकाईने पाहायला हवे होते तितके पाहिले गेले नाही, हे या भागाच्या लेखकांचे म्हणणे रास्त आहे.

हे सारे आजच का वाचावे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामुळे जुन्या गोष्टींना थोडे दिवस बरे आले आहेत, हे एक. पण मला दुसरे कारण अधिक निकडीचे वाटते. 'माझ्याकडे एक भाऊ आहे' हे वाक्य आता कामोठे-खारघरच्या शाळकरी मुलांच्या तोंडी बिनदिक्कत ऐकू येते. इंग्रजीचे 'हॅव' आणि हिंदीचे 'मेरे पास' यांच्या दाबाखाली 'ला' मागे हटते आहे आणि 'कडे' तिची जागा बळकावते आहे. यंत्राकडून होणारी भाषांतरेही याला खतपाणी घालतात. एका 'हॅव'चे आपल्याकडे चार तुकडे होतात हे त्यांना नेहमीच कळते असे नाही. शुद्धलेखनवाल्यांसारखा हाहाकार करायची मला इच्छा नाही. भाषा बदलतात, एस्टोनियनने आपला 'न' घालवला आणि ती मेली नाही. पण भाऊ आणि शंभरची नोट यांच्यातला फरक ज्या प्रत्ययात होता तो प्रत्यय जाताना निदान कुणीतरी पाहिलेला असावा. शिवाय सरकारी मराठीत 'धारण करतो', 'च्या मालकीचे असलेले' अशी जड रूपे वाढत आहेत. कब्जा, वहिवाट, भोगवटा, मालकी हे कायद्याने वेगळे केलेले अर्थ बोलीतल्या छोट्या प्रत्ययांनी आधीच वेगळे केलेले होते, हे दप्तर लिहिणाऱ्यांना कळले तर सातबाराची भाषाही थोडी हलकी होईल.

या संग्रहाने काय साधायचे ठरवले आहे तेही सांगायला हवे. हे एस्टोनियन शिकवणारे पुस्तक नाही, आणि मराठी व्याकरणाचा नवा तक्ताही ते देत नाही. एक प्रश्न घेऊन, 'कुणाचे काय आहे' हे आपण कसे सांगतो, ते शिलालेखांपासून बाजारापर्यंत हिंडते. काही लेख पारिभाषिक आहेत, त्यांत नवख्याने अडखळू नये. बोलींच्या भागापासून सुरुवात करावी आणि इतिहासाकडे नंतर वळावे. 'नावावर' या रूपावरचा लेख वादग्रस्त ठरेल. 'च्या नावावर' हा हळूहळू मालकीचा नवा प्रत्यय होतो आहे, असे त्या लेखाचे म्हणणे. मला ते पूर्ण पटलेले नाही, कारण 'नाव' या शब्दाचा अर्थ अजून त्यात जागा आहे. बायकोच्या नावावर घर करणारा नवरा हे चांगलेच जाणतो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या तेव्हा 'नावावर' आणि 'तिची' यांच्यातले अंतर किती आहे हे दोघांनाही ठाऊक होते.

एक उणीव राहिली आहे आणि ती संपादकांनीही मान्य केली आहे. कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांवर राहणाऱ्या कातकरी आणि ठाकरांच्या बोलींवर इथे लेख नाही. रायगडात या लोकांच्या दळी जमिनींचा, म्हणजे डोंगरउतारावर कसायला दिलेल्या वनजमिनींचा, प्रश्न इंग्रजी अमलापासून चालत आला आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक हक्क आणि सामूहिक हक्क असे दोन वेगळे दावे मान्य केले. 'माझे' आणि 'आमचे' यांच्यामधली रेघ ज्यांच्या अर्जात इतकी निर्णायक ठरते, त्यांच्या बोलीत ती कुठल्या प्रत्ययाने ओढतात, डोंगर 'आमचा' असतो की 'आमच्याकडे' असतो, हे त्या वाडीवरच्याच कुणीतरी लिहायला हवे. पुढच्या आवृत्तीत त्यासाठी पाने राखून ठेवावीत, अशी संपादकांना माझी सूचना आहे.

पनवेल